धाकट्या बहिणीची लग्नपत्रिका घरी तयार करताना

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ३० एप्रिल २०२५ रोजी, अक्षय्य तृतीयेला, पुण्यात झाले. तिची लग्नपत्रिका मी घरी संगणकावर तयार केली आणि डिजिटल छपाई करणाऱ्या एका छापखान्यातून छापून घेतली. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. चित्रकलेचे किंवा मांडणीचे कोणतेही शिक्षण मी घेतलेले नाही. साखरपुडा झाल्यापासून पत्रिका हातात पडेपर्यंत जवळजवळ दहा आठवडे गेले. त्या काळात ज्या गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते, त्या येथे घडल्या त्या क्रमाने लिहीत आहे.

यापूर्वीचा माझा अनुभव एवढाच होता, की २०२३ च्या गणेशोत्सवात मी आमच्या सोसायटीसाठी फोनवरच निमंत्रणपत्र केले होते. पडद्यावर ते चांगले दिसले, परंतु छापून आल्यावर गणपतीचे चित्र धूसर आणि कडांना पायऱ्या पडल्यासारखे दिसू लागले. त्याचे कारण मला फार उशिरा कळले. छपाईसाठी एका इंचात साधारण ३०० ठिपके लागतात. म्हणजे पाच इंच रुंद चित्रासाठी १५०० पिक्सेल हवेत. माझे चित्र अवघे ६०० पिक्सेल रुंद होते. ते दोन इंचांपुरतेच नीट छापले गेले असते आणि मी ते पाच इंचांवर ताणले होते. शिवाय ते चित्र इंटरनेटवरून उचललेले होते. दुसऱ्याचे चित्र परवानगीशिवाय घेणे योग्य नाही, हेही तेव्हा माझ्या मनात आले नव्हते.

साखरपुडा १२ जानेवारीला झाला. त्याच आठवड्यात तयार पत्रिकांच्या एका दुकानात चौकशी केली, तेव्हा आवडलेली पत्रिका ३८ रुपयांना एक आणि मजकूर जुळवून छापण्याचे अडीच हजार रुपये वेगळे, असा भाव कळला. तीनशे पत्रिकांचे १३,९०० रुपये होत होते. पैशांपेक्षाही एक गोष्ट मला खटकत होती. मजकुरासाठी ठेवलेली जागा आधीच ठरलेली होती आणि आमच्याकडची नावे तीत बसवायची तर अक्षरे बारीक करावी लागणार होती. पत्रिका मी करून पाहते, असे मी घरी सांगितले. बाबांनी एकच अट घातली, की मार्चअखेरीस पत्रिका हातात हव्यात, नाहीतर दुकानातून घ्यायच्या. ती मुदत फार उपयोगी पडली.

सॉफ्टवेअर म्हणून मी इंकस्केप निवडले. ते विनामूल्य आहे आणि त्यातील चित्र रेषांच्या गणितावर बांधलेले असते, त्यामुळे कितीही मोठे केले तरी धूसर होत नाही. रोज रात्री जेवणानंतर तासभर, अशी दोन आठवडे मी फक्त रेषा काढण्याची सवय केली. या काळात पत्रिकेला हातही लावला नाही, आणि हा निर्णय योग्य ठरला असे मला वाटते. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पत्रिका करण्याची घाई होते. मग मांडणी, अक्षर, रंग आणि साधन या चारही गोष्टींशी एकाच वेळी झगडावे लागते.

नक्षीसाठी मी आईची पैठणी घेतली. तिच्या काठावर नारळी नक्षी आहे. साडी टेबलावर पसरून, सुरकुत्या काढून, दिवसाच्या उजेडात अगदी वरून सरळ फोटो काढला आणि तो संगणकावर खालच्या थरात ठेवून नक्षीचा एकच घटक पेनच्या साधनाने गिरवला. आधी मी फोटोवरून आपोआप रेषा काढून देणारी सोय वापरून पाहिली होती. तिने विणीचा प्रत्येक धागा पकडला आणि रेष ज्यांतून जाते अशा हजारो बिंदूंचा गुंता तयार झाला. त्यानंतर हाताने गिरवलेल्या पहिल्या आकृतीत ६४ बिंदू होते आणि प्रत्येक वळण थरथरल्यासारखे दिसत होते. वळण जिथे खरोखर दिशा बदलते तिथेच बिंदू द्यायचा आणि मधली वक्रता बिंदूच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या दांड्या (हँडल) ओढून साधायची, हे चौथ्या दिवशी हाताला कळले. शेवटची आकृती ११ बिंदूंची झाली. तिची रेष पाहून आईने काठावरून बोट फिरवावे तसे पडद्यावरून बोट फिरवले. एक घटक नीट झाल्यावर त्याच्या प्रती शेजारी शेजारी लावून सगळा काठ तयार करायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

२ फेब्रुवारीला पहिला पूर्ण मसुदा घरच्यांना दाखवला. त्यात चार प्रकारची अक्षरे होती, सहा रंग होते, चारही बाजूंनी काठ होता, वर आंब्याच्या पानांचे तोरण होते आणि दोन्ही कोपऱ्यांत मोर होते. सर्वांनी छान म्हटले. बहिणीने मात्र विचारले, ‘ताई, मुहूर्त कुठे लिहिलाय?’ मुहूर्त पत्रिकेवर होता, पण तिला तो सापडायला वेळ लागला. पत्रिका हातात घेणाऱ्याला कोणाचे लग्न, कधी आणि कुठे, या तीन गोष्टी नजर टाकताच दिसल्या पाहिजेत. पुढचे दोन आठवडे मी मुख्यतः काढून टाकण्याचे काम केले. मोर गेले, तोरण गेले, रंग तीन राहिले.

अक्षरांवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि मराठीत पत्रिका करणाऱ्याने तो द्यावाच, असे माझे मत आहे. इंग्रजी मथळ्यांत अक्षरे सुटी सुटी ठेवलेली मी पाहिली होती आणि ‘शुभविवाह’ या शब्दालाही तसेच अंतर दिले होते. त्याने शिरोरेषाच तुटली आणि शब्दाचे पाच तुकडे झाले. देवनागरीत शब्द मोठा दिसायला हवा असेल तर आकार वाढवावा किंवा भोवती मोकळी जागा सोडावी, अक्षरांमधले अंतर ताणू नये. दोन ओळींमध्येही इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, कारण वर वेलांट्या आणि मात्रा असतात, खाली उकार असतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ओळ ठेवल्यावर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला लागेनासा झाला.

फाँट निवडताना मी बरेच विनामूल्य देवनागरी फाँट उतरवून पाहिले. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला ‘यात्रा वन’ मला फार आवडला, पण पत्रिकेच्या लांब मजकुराला तो जड वाटला. शेवटी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ मजकुरासाठी घेतला, कारण त्यात बारीक ते ठळक अशी सात वजने मिळतात आणि एकाच घराण्यात राहून नावे ठळक, बाकी मजकूर साधा, असे करता येते. मथळ्यासाठी त्याच संस्थेचा ‘गोटू’ घेतला. निवडीपूर्वी प्रत्येक फाँटमध्ये मी एकच शब्द लिहून पाहत असे, तो म्हणजे ‘कऱ्हाड’, कारण नवरदेवाचे घर तिथले आहे. काही ठिकाणी तो ‘कर्हाड’ असा उमटत होता. असे झाले तर टंकलेखनात साध्या ‘र’ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून पाहावा आणि तरीही जमले नाही तर फाँट बदलावा. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला होता. अनेक फाँटमध्ये आपोआप हिंदी वळणाची रूपे येतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावरच आपली रूपे उमटतात.

मजकूर बाबांनी जुन्या पत्रिका समोर ठेवून लिहिला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ ही सुरुवात सर्वांना हवी होती. ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ या जुन्या वाक्याऐवजी ‘विवाह’ हा सरळ शब्द यावा, असे बहिणीने सांगितले आणि तो आला. नवरा-नवरीची पूर्ण नावे मी आधार कार्डावर आहेत तशीच घेतली. विवाह नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका जोडण्याची वेळ येते, तेव्हा नाव, तारीख आणि स्थळ अर्जाशी जुळलेले असले म्हणजे खुलासे द्यावे लागत नाहीत. घरी हाक मारतात ते नाव घालायचे असेल तर ते वेगळ्या ओळीत घालावे.

येथे एक चूक अगदी शेवटपर्यंत टिकून राहिली असती. मी फेब्रुवारीत लिहीत होते, म्हणून दिनदर्शिकेत पाहून ‘शके १९४६’ टाकले होते. बाबा तिसऱ्या वाचनात थांबले आणि म्हणाले, ‘अगं, लग्न पाडव्यानंतर आहे ना?’ ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि त्या दिवशी शके १९४७, विश्वावसु संवत्सर सुरू होणार होते. पत्रिका लिहिण्याच्या दिवसाचे शक न घेता लग्नाच्या दिवसाचे शक घ्यायचे, ही साधी गोष्ट मी चार वेळा वाचूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. त्यानंतर आम्ही वाचण्याची पद्धतच बदलली. आई मोठ्याने वाचायची, बाबा हाताने लिहिलेल्या मूळ कागदावर खूण करायचे आणि मी फक्त ऐकायची.

१५ फेब्रुवारीला घरच्या छपाईयंत्रावर खऱ्या आकाराची प्रत काढली. पडद्यावर आपण चित्र मोठे करून पाहत असतो, त्यामुळे अक्षर केवढे आहे याचा अंदाजच येत नाही. मी १० पॉइंटात घेतलेला मजकूर कागदावर बारीक दिसला. तो १२ केला, नावे १८ वर नेली. कोणालाही मी हेच सुचवेन, की मसुदा अर्धा झाला की लगेच कागदावर काढून, कापून, हातात धरून पाहावा.

२२ फेब्रुवारीला, शनिवारी, अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील एका छापखान्यात गेले. हे मी महिनाभर आधी करायला हवे होते. माझी पत्रिका ६ बाय ८ इंचांची होती. तेथील संगणकावर काम करणाऱ्या दादांनी सांगितले, की त्यांच्या यंत्रावरचा कागद १२ बाय १८ इंचांचा असतो आणि कापण्यासाठी प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जास्तीची छपाई, म्हणजे ब्लीड, सोडली की त्या आकाराच्या दोनच पत्रिका एका कागदावर बसतात. तीच ५ बाय ७ केली तर चार बसतात. ३२० पत्रिकांना १६० ऐवजी ८० कागद लागणार होते, म्हणजे छपाईचा खर्च सरळ निम्मा होत होता. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. चारही कडांच्या अगदी जवळ बारीक चौकट असली, तर कापताना पाते जरासे सरकले तरी एक बाजू जाड आणि दुसरी बारीक दिसते. घरी येऊन मी तिन्ही बाजूंचा काठ काढला आणि खालच्या कडेला एकच रुंद नारळी काठ ठेवून तो कागदाबाहेर जाऊ दिला, साडीच्या काठासारखा. मजकूर कडेपासून किमान ५ मिलिमीटर आत घेतला. छापखान्याच्या सोयीसाठी केलेल्या या बदलाने पत्रिका माझ्या मूळ कल्पनेपेक्षा अधिक देखणी झाली.

त्याच दिवशी पाकिटाचेही ठरवले. पाकिटे तयार मापांत मिळतात, म्हणून पत्रिकेचे माप कायम करण्यापूर्वी पाकीट हातात घ्यावे आणि जाड कागदाचा तुकडा त्या मापाने कापून आत सहज जातो का ते पाहावे.

१ मार्चला पहिले प्रूफ, म्हणजे तपासण्यासाठीची छापील प्रत, काढले. मी हौसेने खरबरीत पोताचा कागद निवडला होता. डिजिटल यंत्रातील रंगाची कोरडी भुकटी (टोनर) त्या पोताच्या खोलगट भागात नीट बसली नाही, म्हणून नक्षीच्या बारीक रेषा जागोजागी तुटल्या. दुसरा दोष मला कळायला अवघड गेला. लहान काळ्या अक्षरांच्या कडेला एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने निळसर झाक दिसत होती. पडद्यावरचे रंग लाल, हिरवा आणि निळा (आरजीबी) यांच्या प्रकाशातून बनतात, छपाईचे रंग निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा (सीएमवायके) या चार रंगांतून. माझ्या फाइलमधला काळा पडद्यासाठीचा होता. छपाईसाठी बदलताना तो चारही रंगांचा मिळून बनला आणि रंग केसभर सरकताच अक्षराला सावल्या आल्या. लहान अक्षरांचा काळा हा फक्त काळ्या शाईचा, शंभर टक्के, असला पाहिजे. माझ्याकडची इंकस्केपची आवृत्ती आरजीबी रंगांत काम करते, म्हणून नक्षी तिथे काढून शेवटची मांडणी मी स्क्रायबस या दुसऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये केली. तिथे प्रत्येक रंगाला सीएमवायकेचे आकडे देता येतात. हे शिकायला आठवडा गेला आणि त्या आठवड्यात मी फार खचले होते, कारण सगळे झाले असे वाटत असतानाच पुन्हा पहिल्या पायरीवर आल्यासारखे झाले होते.

८ मार्चच्या दुसऱ्या प्रूफात अक्षरे स्वच्छ आली, कागदही ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत मॅट घेतला होता. सोनेरी रंग मात्र मळकट मातकट उमटला. चार शाईंच्या मिश्रणातून खरी सोनेरी चमक येत नाही. त्यासाठी सहसा वेगळा ठसा (ब्लॉक) करून चमकदार फॉइल लावावी लागते आणि तो खर्च आमच्या हिशेबात नव्हता. मी सोनेरीचा हट्ट सोडून हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल घेतला. पैठणीचा हिरवाही पडद्यावर दिसतो तितका लखलखीत छापला जात नाही, म्हणून छापखान्यात असलेल्या रंगांच्या नमुना-पत्रकावरूनच तो निवडला.

१४ मार्चला धूळवड असल्याने छापखाना बंद होता, म्हणून तिसरे प्रूफ सोमवारी, १७ मार्चला मिळाले. फाइल देण्याआधी सर्व अक्षरे रेषांमध्ये रूपांतरित केली होती. तेथील संगणकावर मराठी मजकूर श्रीलिपी या वेगळ्या पद्धतीच्या टंकलेखन सॉफ्टवेअरमध्ये जुळवण्याची पद्धत आहे. आपण फोनवर किंवा संगणकावर एरवी लिहितो तो युनिकोड मजकूर तसाच दिला तर जोडाक्षरे फुटण्याची आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाण्याची भीती असते. रूपांतर केल्यावर मजकुरात बदल करता येत नाही, म्हणून बदलण्याजोगी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवावी. फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी किंवा ईमेलने पाठवावी. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, चित्र म्हणून पाठवली तर ती दाबली जाऊन तिचा दर्जा उतरतो. प्रूफावर मी, बाबांनी आणि बहिणीने वाचून सही केली. सहीनंतर सापडलेल्या चुकीची जबाबदारी ग्राहकाची असते, हे तिथे लिहिलेलेच असते. म्हणून ती सही घाईत, उभ्याउभ्या करू नये. आम्ही प्रूफ रात्रभर घरी ठेवून दुसऱ्या दिवशी परत दिले.

२१ मार्चला पत्रिका मिळाल्या. दोन्ही बाजूंच्या छपाईचे ८० कागद ६० रुपयांप्रमाणे ४,८०० रुपये, तीन प्रूफांचे २४०, सव्वातीनशे पाकिटांचे १,९५० आणि कटिंगचे ३०० असे एकूण ७,२९० रुपये झाले. २० पत्रिका जास्त घेतल्या होत्या. त्या सगळ्या लागल्या. पाडव्याच्या दिवशी आई-बाबांनी पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावून पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी आत्याकडे पत्रिका द्यायला गेले. ती ऐंशीच्या घरात आहे आणि तिचा चष्मा आतल्या खोलीत होता. तिने पत्रिका खिडकीशी नेली, हात लांब करून धरली आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून मुहूर्तापर्यंत सगळी पुढची बाजू मोठ्याने वाचली, एकदाही न अडखळता. मग तिने पत्रिका उलटली. मागे कार्यालयाचा नकाशा उघडणारा क्यूआर कोड होता. तो दोन सेंटिमीटरचा आणि भोवती पांढरी जागा सोडलेला असल्याने सगळ्या फोनवर नीट चालत होता. त्याच्याखाली बाबांचा फोन नंबर मात्र जागा उरली नाही म्हणून मी ८ पॉइंटात बसवला होता. आत्याने पत्रिका जवळ आणली, लांब नेली आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘हा नंबर तेवढा मोठा लिहून दे बाळ, त्या दिवशी रिक्षात बसल्यावर लागेल.’ मी तिच्याकडचे पेन घेतले आणि पुढच्या बाजूला नक्षीच्या वरच्या मोकळ्या जागेत तो नंबर ठळक अक्षरांत लिहून दिला.